मामाच्या शेतातला तुटका खांब

सुरुवातीलाच माफी मागतो. युरोपातल्या कलाशैलींवर लिहावं एवढं माझं वाचन नाही, वयही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ज्या इमारतींचा विषय आहे त्यांतली एकही मी जवळून बघितलेली नाही. ज्या पाहिल्या त्या नांदेडच्या कॉलेजात, खिडक्यांना जाड कागद चिकटवून अंधार केलेल्या खोलीत, प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडलेल्या चित्रांत. त्या भिंतीला ओल आली होती. त्यामुळे प्रत्येक राजवाड्याच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या कॉलेजचा एक डाग असायचा, आणि अजूनही मला पुस्तकात ते राजवाडे बिनडागाचे दिसले की चुकल्यासारखं होतं.

तेव्हा जाणकारांनी हे शैलींवरचं लेखन समजू नये. ही एका खांबाची आठवण आहे, आणि तो खांब बिलोली तालुक्यात आहे.

खांब बघायची सवय मला मामानं लावली. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. तो काळी-पिवळी जीप चालवायचा, बिलोलीहून नरसीला आणि परत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाच्या गावी असायचो आणि दिवसभर त्याच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला गुडघे लागणार नाहीत असे आखडून बसायचो. त्या वर्षांत सडकेच्या कडेला नवी घरं होत होती, आणि ज्याच्याकडं थोडे पैसे आले तो ओसरीपुढं दोन गोल खांब उभे करत होता. पांढरे, उभ्या पन्हळी पाडलेले, वर वळलेल्या पानांचा गुच्छ. हे खांब आमच्याकडं कुठून आले ते कुणालाच माहीत नव्हतं. मामा त्यांना महालाचे खांब म्हणायचा.

"ह्याची पानं बघ भाचेबुवा. गड्डा कोबी ठेवल्यावानी दिसून राहिला."

मागून एखादी बाई ओरडायची, "ओ ड्रायव्हर, सडकंवर ध्यान द्या की."

"ध्यान सडकंवरच हाय मावशी. खांबच सडकंवर आलाय, त्याला मी काय करू?"

सगळी जीप हसायची. ती मावशीही.

मामाचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं होतं. स्लॅब पडलेला, आणि स्लॅबवर चारी कोपऱ्यांत सळ्या आभाळाकडं सोडलेल्या. त्या गंजू नयेत म्हणून मामीनं त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या पालथ्या घातल्या होत्या. वारा सुटला की बाटल्या वाजायच्या. आम्ही उन्हाळ्यात वर झोपायचो तेव्हा मामा झोपल्या झोपल्या दाखवायचा, "इथं वरची खोली. इथून जिना. अन् खाली समोर दोन खांब. मंग तू काढ त्यावर कोबी का फुलकोबी, काय काढायचं ते."

मला तेव्हा वाटायचं, ते सगळं झाल्यातच जमा आहे.

दहावीनंतर वडिलांनी मला लातूरला ठेवलं. आमच्या भागात ज्या पोराला बरे मार्क पडतात त्याला लातूरला पाठवायचं, हे ठरलेलंच असतं. सायन्स, क्लासेस, मेस, एका खोलीत चौघं. मला ते जमलं नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही, पण रसायनशास्त्राच्या वहीत मागच्या पानांवर खांब यायला लागले. रविवारी दुपारी मी व्यापाऱ्यांच्या वस्तीतून फिरायचो. तिथले बंगले मामाच्या सडकेवरच्या घरांपेक्षा फार मोठे. फाटकावर सिंह, गच्चीला सुरईच्या आकाराच्या दांड्यांचा कठडा, आणि खांब तर दोन मजले उंच. वॉचमन हटकेपर्यंत मी समोर उभा राहून चित्र काढायचो. संध्याकाळी मामाला फोन.

"किती खांब?"

"चार."

"चार? म्हणजे आडत्या असंल. पानं?"

"पानं हायत. अन् वर त्रिकोण, त्यात गणपती."

"बापरे," मामा म्हणायचा. मग म्हणायचा, "आपल्याला दोनच बास."

बारावीचा निकाल लागला आणि मार्क कमी पडले. वडील कधीच फार बोलत नाहीत; ताठ बसून राहतात, राग असो की दुःख. मामाच जीप घेऊन आला आणि ओसरीत बसून म्हणाला, "दाजी, पोरगं हुशारच हाय. फक्त पेपर दुसऱ्याचा आला त्याला." पेशंट घेऊन नांदेडला गेला असताना त्यानं तिथल्या चित्रकलेच्या कॉलेजचा बोर्ड वाचून ठेवला होता. वडिलांनी विचारलं, चित्रं काढून पोट भरतं का. मामा म्हणाला, "जीप चालवून माझं भरतंयच की, अन् मला तर चित्रबी काढता येत न्हाई." या बोलण्याला काही अर्थ नव्हता, पण वडील हसले. असा मी नांदेडला आलो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, श्रावणात, मामा कावीळ होऊन गेला. त्याचं वय जाण्याचं नव्हतं. आमच्या समाजात मयताला अग्नी देत नाहीत. कपाळाला विभूती लावून, बसलेल्या स्थितीत, स्वतःच्या शेतात समाधी देतात. मामाला विहिरीच्या वरच्या अंगाला, लिंबाच्या झाडाजवळ बसवलं. तिथून सडक दिसते. मी मूठभर माती टाकली आणि त्याच दिवशीच्या बसनं परत आलो, कारण दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. आज कुणी विचारलं तर ते सबमिशन कशाचं होतं हे मला सांगता येणार नाही.

त्याच वर्षी थंडीत कलेचा इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला नवअभिजात शैली शिकवायला घेतली आणि तिच्या मागोमाग स्वच्छंदतावादी. मला समजलं ते असं. पहिल्या शैलीच्या लोकांना जुन्या ग्रीक आणि रोमन देवळांचं प्रेम. सरळ रेषा, मोजून मापून केलेली दालनं, रांगेत उभे खांब. चित्रातली माणसंसुद्धा मरताना नीटनेटकी मरतात. दुसऱ्या शैलीच्या लोकांना हे सगळं कोंडल्यासारखं वाटायचं. त्यांना वादळ पाहिजे, कडे पाहिजेत, वेलींनी झाकलेली पडकी देवळं, चांदणं, आणि चांदण्यात एकटाच उभा असलेला कुणीतरी. एक शैली म्हणते मन आवर, दुसरी म्हणते वाहू दे. असं मॅडमनी सांगितलं नव्हतं, मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

भिंतीवर पहिलाच खांब उमटला आणि मी मोठ्यानं "कोबी" म्हणालो. वर्ग हसला. मॅडमनी त्या पानाचं खरं नाव सांगितलं, ते मी पाठ केलं. पण मला गलबलून आलं होतं. नरसीच्या सडकेवरचे खांब इतक्या लांबून, इतकी शतकं चालत आले होते, आणि हे ज्याला फोन करून सांगावं तो माणूस नव्हता.

हॉस्टेलवर माझ्या खोलीतला पोरगा हदगावचा. त्यानं रात्रीच्या जेवणात पार्ट्या पाडल्या. "आमी वादळवाले. तू खांबवाला. तुझं मत कुणाला?" मला ठरवता येत नव्हतं. वडिलांकडं बघून वाटायचं आपण खांबवाले. मामा आठवला की वादळाकडं जायचो.

पुढच्या तासाला मॅडमनी एका दफनभूमीचं चित्र लावलं. ओळीनं समाध्या, आणि मधे एक सुंदर खांब, वर तिरका तुटलेला. मला वाटलं पडझड झाली असेल. मॅडम म्हणाल्या, "हा पडलेला नाही. असाच घडवलेला आहे. तरुणपणी गेलेल्या माणसासाठी त्या काळी असा खांब उभारत." प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत होता. मला एकदम लख्ख दिसलं, की खांब एका शैलीचा आहे आणि तुटणं दुसऱ्या शैलीचं. त्या एका दगडात दोघांचं भांडण मिटलं होतं. आजही मला ती कल्पना फार मोठी वाटते. पुढं जे झालं त्यानंतरही वाटते.

संक्रांतीला मामाच्या गावी गेलो तेव्हा मामीनं मला ओसरीत बसवलं. मामी मला भाचे म्हणते आणि अहो-जाहो करते; आमच्याकडं भाच्याला मान असतो.

"भाचे, वर्षाच्या आत समाधी बांधायची हाय. सगळ्यांच्या शेतात त्योच चौथरा अन् तीच फरशी. ह्यांना खांबाचं लई याड. तुमी चित्राचं शिकून राहिलात, तुमीच काढा."

"कसं पायजे मामी?"

तिनं जरा विचार केला. "ते मला काय कळतंय? पर तिथं जाऊन बसावं वाटलं पायजे. आता जाववत न्हाई. नुसता मातीचा ढीग हाय. दुपारची भाकर मी बांधाच्या अलीकडंच खाते अन् वापस येते."

एवढंच तिचं मागणं होतं. नांदेडला जाऊन मी खूप दिवस त्यावर बसलो. तीन पायऱ्यांचा चौथरा, पुढं महादेवाच्या पिंडीसाठी कोनाडा, मागं पन्हळींचा खांब, आणि खांब वर तिरका तुटलेला. पेन्सिलनं छाया दिली, लिंबाचं झाड काढलं, मागं ढग घातले. मामीनं तो कागद उन्हात धरून पाहिला. "लई छान," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मी समजावून सांगणार होतो, पण ती रडत होती, म्हणून ते राहून गेलं. मला वाटलं, चित्रानंच सांगितलं असेल.

वैशाखात, शेत मोकळं असताना काम लागलं. मिस्त्री बिलोलीचा, बोलायला हजरजबाबी. त्यानं सडकेकडची कितीतरी घरं बांधली होती आणि पन्हळीचा साचा त्याच्याकडं तयारच होता. कागद हातात घेऊन तो म्हणाला, "इंजिनेर, हे वर वाकडंतिकडं का गेलं? पेन्सिल सरकली का?"

"न्हाई, ते तसंच ठेवायचं. अन् मी इंजिनेर न्हाई."

"मंग?"

"चित्रकला शिकतो."

"हां. मंग हे चित्रातच बरं होतं." मजूर हसले. मग तो कामाला लागला आणि माझ्या कागदाप्रमाणं त्यानं तिरका काठ केलासुद्धा. पण संध्याकाळी मी बघतो तर तुटलेल्या टोकातून चार सळ्या हातभर वर आलेल्या.

"ह्या कापा मिस्त्री."

"राहू द्या की. पुढं कधी वाढवायचं झालं तर?"

"हा वाढवायचा न्हाई."

"असं कुठं असतंय? सळ्या सोडल्याबिगर कुणी काम सोडतंय का?"

मामी लिंबाखाली घमेलं धुत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आज राहू द्या. मंग बघू." आणि त्या राहिल्या.

मी हॉस्टेलच्या खोलीत ज्याचा विचार केला नव्हता ते आता सुरू झालं. सडकेवरून दिसणारा खांब, त्यामुळं जाणारा-येणारा थांबायचा. जीप चालवणारे मामाचे दोस्त थांबायचे. "काम का बंद पडलं? सिमेंट संपलं का? आमी आणून देतो की." कुणी विचारलं, वीज पडली का. मामाचा धाकटा भाऊ, माझा दुसरा मामा, रोज कुणाला तरी उत्तर देऊन वैतागला. "लोकं म्हणून राहिले भावाची समाधी अर्धी सोडली. तोंड दाखवायला जागा न्हाई."

मग अय्या आले. अय्या म्हणजे आमचे स्वामी, घरातली सगळी धार्मिक कामं त्यांच्या हातून होतात. वयस्क, मऊ बोलणारे. त्यांनी चौथऱ्याला हात लावला, कोनाडा बघून मान डोलावली, आणि खांबाकडं बघून थांबले.

"हे खंडित हाय," ते म्हणाले. "खंडित झालेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवतो का? न्हाई. पाण्यात सोडतो. मंग आपल्या माणसाच्या डोक्याशी खंडित वस्तू कशी ठेवायची, बाळा?"

ते रागावले नव्हते, म्हणून वाद घालणं जास्तच अवघड होतं. मी दफनभूमीचं सांगितलं, तिकडची रीत सांगितली. अय्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिकडं चालत असंल," म्हणाले. "वर्षाच्या पूजेला मी येणार. पर ह्याच्यापुढं बसून पूजा करायची का, ह्याचा मला विचार करावा लागंल."

म्हणजे मामाच्या वर्षाची पूजाच अडकली. धाकटा मामा म्हणाला, उद्याच्या उद्या पुरा करून टाकू. मिस्त्री म्हणाला, सळ्या हायतच. सगळे मामीकडं बघायला लागले.

"थांबा," मामी म्हणाली. "मला बघू द्या."

संध्याकाळी मी तिच्याबरोबर शेतात गेलो. ती चौथऱ्यापासून लांब, बांधावर बसली. मी आता तरी सांगावं म्हणून सांगितलं, "मामी, तो तुटलेला आहे, कारण मामा लवकर गेला. आयुष्य अर्ध्यातून मोडलं, म्हणून."

मामी माझ्याकडं बघतच राहिली. "ते मला खांबावरून कळायचंय व्हय, भाचे?"

मी बांधावरचं गवत उपटायला लागलो. मग तीच म्हणाली, "तुमी मनापासून काढलंय. त्यांच्यासाठी एवढा विचार दुसऱ्या कुणी केला न्हाई. म्हणून तर पुरा करा म्हणायला माझी जीभ उचलत न्हाई."

"तुम्हाला बसावं वाटतं का तिथं?"

"अजून न्हाई," ती म्हणाली.

मी नांदेडला परतलो तेव्हा खांब तसाच होता. जेठात आईचा फोन आला, की अय्यांनी खूप विचार केला. पूजा कोनाड्यातल्या पिंडीची, आणि पिंड अखंड आहे. मागचा खांब खुणेचा, ठेवायचा असेल तर ठेवा, मी पूजेला बसेन, असं ते म्हणाले. हे ऐकून मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन उभा राहिलो. मला आनंद झाला का, हे नक्की सांगता येत नाही. आता अडवणारं कुणी नव्हतं. आता सगळं मामीच्या मनावर होतं, आणि मामी काही बोलत नव्हती. धाकट्या मामानं दोनदा विचारलं, तर म्हणाली, "कळंल की."

मीही विचारलं नाही. फोन लावायचो, तब्येत विचारायचो, सोयाबीन उगवलं का विचारायचो, आणि ठेवायचो. खांबाचं विचारलं तर ती माझ्या मनासारखं उत्तर देईल अशी मला भीती वाटायची. त्या दिवसांत मी त्या खांबाचा पुष्कळ विचार केला. ज्यांनी तो पहिल्यांदा घडवला त्या लोकांचं दुःख खरंच असणार. पण त्यांच्याकडं बांधलेलं घर बहुतेक पुरंच होत असावं. तुटणं हे त्यांना मुद्दाम घडवून दाखवावं लागत होतं. आमच्या सडकेवर प्रत्येक घर वरून उघडं आहे, सळ्या वर करून थांबलेलं. आमच्याकडं अर्धं म्हणजे संपलेलं नव्हे, अर्धं म्हणजे अजून व्हायचं आहे. हे बरोबर आहे की नाही ते मॅडमना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, मला संकोच वाटला.

मामाच्या वर्षाची पूजा श्रावणात आली आणि नेमका त्याच दिवशी माझा लांबलेला वार्षिक पेपर. कलेचा इतिहासच. मामीनं निरोप धाडला, की पेपर बुडवायचा नाही, ह्यांना आवडणार नाही. मी पेपर लिहिला. नवअभिजात आणि स्वच्छंदतावादी शैलींची तुलना करा, असा प्रश्न होता. मला दफनभूमीतला खांब लिहिता आला असता, पण मी राजवाड्यांवर आणि वादळांवर लिहून वेळ संपवला.

बाहेर आल्यावर आईला फोन लावला. लागेना. गावाकडं पाऊस होता, रेंज नव्हती. संध्याकाळपर्यंत लावत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच आला. आईला कुठलीही गोष्ट मुद्द्यावरून सांगता येत नाही. कोण कोण आलं ते सांगितलं. जीपवाले सगळे आले. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली होती, ती पुरली. भात थोडा उरला. वडील सकाळपासून चौथऱ्यापाशी होते, कुणाशी बोलले नाहीत, पण पाणी भरायला, दगड हलवायला तेच पुढं. अय्यांनी पूजा केली, लई छान झाली.

"अन् खांब?" मी विचारलं.

"खांब व्हय? पुरा केला की. आठवडा झाला. मामीनंच मिस्त्रीला बोलावलं, कुणाला न विचारता. वरी कोबीबी काढायला लावला त्याला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ऐकून राहिलास का? खालचं सिमेट वाळून पांढरं पडलंय अन् वरचं नवं काळंच दिसतंय. तू तिरकं काढलं होतंस न्हाई का, तिथं जोड कळतोय. मिस्त्री म्हणला, एकसारखा रंग मारून देतो, काय दिसणार न्हाई. तर मामी म्हणली, नको, दिसू द्या. अन् काल सगळी लोकं गेल्यावर आमी हाका मारून दमलो तिला. बघतो तर तिथंच खांबाला पाठ लावून जेवून राहिली होती."